चित्रांच्या मागे लिहिणारी वहिनी

आमच्या कचेरीत बाहेरून येणारा प्रत्येक फोन आधी माझ्या कानावर पडतो, कारण तिथला टेलिफोन ऑपरेटर मीच आहे. त्या दिवशी सकाळी कचेरी नुकतीच भरली होती. खुर्च्या सरकत होत्या, पंखे घरघरायला लागले होते. घंटी वाजली आणि मी नेहमीसारखं कचेरीचं नाव सांगितलं. पलीकडून कुणीतरी घसा खाकरत म्हणालं, "साहेब, जरा अनिलले फोन देता का? तिथिसाच ऑपरेटर हाय थो. माझा लहान भाऊ होय." माझा सख्खा मोठा भाऊ मला साहेब म्हणत होता. ज्याला त्यानं बोलायला शिकवलं, त्याचाच आवाज त्याला ओळखू येत नव्हता. मी म्हणालो, "दादा, मीच होय. अनिल." मग बराच वेळ फोनमधून नुसता दवाखान्याचा गलका… कुणाचं तरी नाव पुकारलं गेलं, एक गाडी खडखडत गेली… आणि मग तो म्हणाला, "हव का… गेली रे तुझी वहिनी." तेवढ्यात दुसऱ्या लाइनवर घंटी वाजली. मी ती उचलली, ज्यांना फोन हवा होता त्यांना जोडून दिला, आणि मग उठलो.

त्याला आता काही आठवडे झाले. लोक भेटतात, म्हणतात, चांगली बाई होती. चांगली होतीच. पण ती नेमकं काय करत होती हे सांगायला गेलं, की समोरचा माणूस बुचकळ्यात पडतो. म्हणून हे लिहितो आहे.

वंदनावहिनीचं माहेर केळझरचं, शेतकऱ्याचं घर. आमचं वर्ध्याच्या बाजारात भांड्यांचं दुकान आणि राहायला पिपरी मेघे. ती आमच्याकडे लग्न होऊन आली तेव्हा नव्वदचं दशक निम्मं सरलं होतं आणि माझे डोळे पुरते गेले होते. लहानपणी मला फक्त दिवेलागणीनंतर दिसायचं नाही. पुढे दिवसाही कडेकडेनं अंधार आत येत गेला, आणि कॉलेजात असताना मधला उरलासुरला उजेडही गेला. म्हणजे मी आईला पाहिलं आहे, दादाला पाहिलं आहे, आमच्या दुकानातल्या पितळी घागरींवरची चमक मला अजून आठवते. वहिनीला मात्र मी कधीच पाहिलं नाही.

तेव्हा मी घरात असून नसल्यासारखा होतो. नोकरी नव्हती. दुकानाच्या आतल्या खोलीत बसायचं, दादानं गिऱ्हाइकासाठी हंडा वाजवून दाखवला की आवाजावरून त्याचं माप ओळखायचं, एवढाच काय तो माझा उद्योग. घरी कुणी आलं, की ते माझ्याशी मोठ्यानं बोलायचे, जणू कानही गेलेत. आणि मला काय हवं ते आईला विचारायचे. वहिनी आल्यावर पहिल्यांदा कुणीतरी मला गावगप्पा सांगायला लागलं. ती दारात उभी राहून हळूच म्हणायची, "भाऊजी, समोरच्या काकाजीनं बनियन उलटी घातली अन् पुऱ्या गल्लीले उपदेश करून राह्यले." मी हसलो, की आई आतून विचारायची काय झालं. आम्ही सांगत नसू. डोळसांच्या जगात सगळ्यांना दिसतं आणि कुणीच बोलत नाही, असा केवढा तरी ऐवज असतो. त्यातला माझा वाटा वहिनी मला आणून देत होती, आणि देताना उपकार केल्याचा सूर कधी लावत नव्हती.

पुढे गावोगाव कम्प्युटरचे क्लास निघाले. दादानं तिला एकात घातलं, आणि मला नागपूरला अंध मुलांसाठीच्या एका शिबिरात. तिथे मी पहिल्यांदा पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर ऐकलं. मी त्या दिवशी किती रडलो ते तिथल्या सरांनाच ठाऊक. घरी एक जुना कम्प्युटर घेतला, त्यात ते फुकट मिळणारं नमुन्याचं सॉफ्टवेअर टाकलं. थोडा वेळ चालून ते गप्प व्हायचं, मग सगळं यंत्र बंद करून पुन्हा सुरू करायचं. आवाज अमेरिकन माणसाचा. वहिनी त्याला 'गोरा पाहुणा' म्हणायची. "तुमचा पाहुणा आज लय घाईत हाय, भाऊजी," असं ती भाजी चिरता चिरता म्हणायची. तोवर तिला स्वतःलाही नोकरी लागली होती. धीरजभाऊ नावाच्या एका तरुणानं वर्ध्यात संकेतस्थळं बनवून द्यायचं छोटं ऑफिस काढलं होतं. वहिनी तिथे पानं जुळवायचं, फोटो चढवायचं काम करायची.

मग ती अर्जाची गोष्ट झाली. मला चांगल्या पगाराची, बढतीची वाट असलेली एक जागा नागपुरात निघाली होती, अंधांसाठी राखीव. अर्ज इंटरनेटवरच भरायचा होता. मी तो एकट्यानं भरायचा असं ठरवलं होतं. नाव, पत्ता, शिक्षण, सगळं नीट टंकलं. शेवटी पाहुणा म्हणाला, "ग्राफिक." पुढे गेलो, "ग्राफिक." आणखी पुढे, "ग्राफिक." पान पाठवायचं बटण हे चित्र होतं, पान पुसायचं बटणही चित्रच होतं, आणि त्या चित्रांच्या मागे कुणी काहीच लिहिलं नव्हतं. घरी कुणी नव्हतं. मुदत त्या संध्याकाळी संपत होती. मी देवाचं नाव घेतलं आणि एकावर बोट दाबलं. भरलेलं सगळं पुसलं गेलं. मी पुन्हा भरलं, आणि अर्ध्यावर पाहुणा गप्प झाला. यंत्र पुन्हा सुरू केलं, तर इंटरनेटची लाइन लागेना. वहिनी कामावरून आली तेव्हा मी खुर्चीवर हात मांडीत घालून बसलो होतो. ती म्हणाली, "भाऊजी, अंधारात काऊन बसले?" आणि मग तिच्याच लक्षात आलं आपण काय बोललो ते. एरवी आम्ही दोघं हसलो असतो. त्या दिवशी मी म्हणालो, "वहिनी, माह्या जिंदगीत सगळीकडे ग्राफिकच हाय." ती कम्प्युटरसमोर बसली. मुदत संपली होती. "हे काय… इथिसा तं साफ लिहिलं हाय, 'पाठवा' म्हणून," ती म्हणाली. "चित्रात लिहिलं हाय, चित्राच्या मागं नाई लिहिलं. एका शब्दाचं काम होतं हो, भाऊजी. एका शब्दाचं." तिचा आवाज असा चिरका झालेला मी तोवर ऐकला नव्हता.

ती जागा गेली ती गेलीच. कचेरीतली ही नोकरी मला नंतर, बऱ्याच खेट्यांनी मिळाली. पण त्या संध्याकाळनंतर वहिनीनं एक काम आपल्यापुरतं धरलं, ते तिचं बोलणं थांबेपर्यंत सोडलं नाही. संकेतस्थळावरच्या प्रत्येक चित्राच्या मागे चार शब्द लिहायची सोय असते. पर्यायी मजकूर म्हणतात त्याला. तो डोळसांना दिसत नाही. आमच्यासारख्यांचं यंत्र तेवढं तो वाचतं. म्हणूनच तो लिहायला कुणाला वेळ नसतो. धीरजभाऊ तिला म्हणायचे, "वहिनी, कोन वाचते थे? दिसत तं नाई कुठंच." ती म्हणायची, "माह्या घरी एक जन वाचते." आणि लिहायची.

सुरुवातीला तिचं फार चुकायचं. छोट्या छोट्या आयकॉनांच्या मागे ती त्यांचं चित्र लिहायची. एकदा पाहुण्यानं मला वाचून दाखवलं, 'भिंग'. मी विचारलं, "वहिनी, भिंग घेऊन मी काय करू?" ती म्हणाली, "अवो, त्यानं शोधाचं असते." "मंग 'शोधा' लिहा न. तो कसा दिसते ते कायले पायजे मले, दाबलं का काय होते ते सांगा." दुसऱ्या एकावर तिनं 'पाकीट' लिहिलं होतं. मला वाटलं, इथे पैसे भरायचे असणार, म्हणून मी त्याला हातच लावला नाही. ते पत्र पाठवायचं पाकीट निघालं. त्यावर ती इतकी हसली की दादा बाहेरून पळत आला. आणि एका पानावर प्रत्येक ओळीखाली वेलबुट्टी होती, तर तिनं इमानेइतबारे प्रत्येक वेलबुट्टीमागे लिहिलं होतं, 'नक्षी'. पाहुणा पानभर नक्षी, नक्षी, नक्षी करत सुटला. मी सांगितलं, शोभेच्या वस्तूला रिकामं सोडा. हे तिला पटायला वेळ लागला. "रिकामं सोडलं तं तुमाले वाटन का कोनी विसरलं," ती म्हणाली. मी म्हणालो, "नाई वाटत. मुद्दाम रिकामं सोडलं तं यंत्र गपचूप पुढं जाते. विसरलं तं 'ग्राफिक' नाईतं फाइलचं नाव बडबडते." "म्हंजे चूप राहणंबी लिहा लागते," असं म्हणून ती उठली, कारण कुकरची शिटी झाली होती.

धीरजभाऊंकडे जिल्ह्यातल्या गावांची माहिती देणाऱ्या एका संकेतस्थळाचं काम आलं. देवळं, दर्गे, बाजार, नद्या, सगळ्यांचे फोटो. ते काम वहिनीचं झालं. तेव्हा पाहुण्याला मराठी वाचता येत नसे. म्हणून ती मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत लिहायची, आणि तेही अशा वेड्यावाकड्या स्पेलिंगनं की त्या गोऱ्याच्या तोंडून बरोबर निघावेत. केळझर हा शब्द तिनं कितीतरी वेळा बदलला. पाहुणा कधी 'केल्झार' म्हणायचा, कधी 'किल्झर'. "माह्या माहेराचं नाव हाय ते, नीट घे," असं ती यंत्राला दटावायची. शेवटी एकदा तो 'केळझर'च्या अगदी जवळ काहीतरी म्हणाला. तिनं आईला स्वयंपाकघरातून बोलावून ते ऐकवलं. आई म्हणाली, "त्याचं मढं जावो, घरचं काम पडलं हाय." आई त्यानंतर वर्षभरातच गेली.

गिरडला आम्ही तिघं बसनं गेलो होतो. दर्ग्याच्या टेकडीचा फोटो तिच्याकडे होता, पण वाक्य जमत नव्हतं. वर चढताना ती मला सांगत होती आणि मी विचारत होतो. किती उंच, कुठला रंग, माणसं किती, उन्हाची वेळ कुठली. तिथे जमिनीत गोल गोल दगड सापडतात, सुपारीएवढे. व्यापाऱ्याच्या मालाचे शापानं दगड झाले अशी गोष्ट सांगतात. तिनं त्यातला एक माझ्या तळहातावर ठेवला आणि म्हणाली, "आता सांगा, हा फोटोत असता तं कसा लिहिला असता?" मी म्हणालो, "गार. गोल. एका बाजूनं घासलेला." ती म्हणाली, "गार फोटोत नाई दिसत, भाऊजी." दादा मागून धापा टाकत येत होता.

दोन हजारचं दशक उतरणीला लागलं तेव्हा एक नवं, फुकट मिळणारं सॉफ्टवेअर आलं. ते देवनागरी वाचायचं. हेल हिंदी होता, 'ळ'ची त्याला अडचण होती, पण मराठी होतं. वहिनीनं त्या संकेतस्थळावरचे सगळे मजकूर पुन्हा मराठीत लिहिले. कुणी सांगितलं नव्हतं, पगार वाढणार नव्हता. मला त्यातली वाक्यं पाठ आहेत. 'केळझरच्या टेकडीवरून दिसणारं गाव. सगळी कौलं लाल, एकाच घरावर निळा पत्रा.' 'कापसाच्या बाजारात गाड्यांची रांग; पुढच्या गाडीवरचा माणूस जांभई देतो आहे.' 'उन्हाळ्यातली नदी. पाण्यापेक्षा वाळू जास्त, वाळूत एक सायकल आडवी.' मी कचेरीतून आलो की ती विचारायची, "दिसलं का?" मी म्हणायचो, "दिसलं." आम्ही दोघांनी तो शब्द बिनदिक्कत वापरला.

मग एके दिवशी मी घरी ते पान उघडलं. नवीन चढवलेल्या पुलाच्या फोटोवर गेलो, आणि यंत्र म्हणालं, 'चमचा'. मला वाटलं वहिनीनं माझी गंमत केली. दोन दिवसांनी शोधायच्या आयकॉनवर ते म्हणालं, 'झाडू'. मी हसत हसत तिला विचारलं. ती हसली नाही. म्हणाली, "झाडू? मी नाई लिहिलं असं." तिनं पाहिलं. तिच्याच हातचं होतं. ती बराच वेळ पडद्यासमोर बसून राहिली असावी, कारण खुर्ची वाजली नाही. मग चहा करताना तिनं आतून हाक मारली, "भाऊजी, ते… ते चहाचं… भोकाभोकाचं…" मी म्हणालो, "गाळणी?" ती म्हणाली, "हव. गाळणी." आणि हातातलं भांडं खाली पडल्याचा आवाज आला.

नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात मेंदूत गाठ निघाली. डावीकडे. डॉक्टर भले होते, त्यांनी दादाला कागदावर काढून दाखवलं आणि मला माझ्या डोक्यावर बोट टेकवून दाखवलं, इथे. शब्द इथे असतात, म्हणाले. ऑपरेशन झालं. ती शुद्धीवर आली, आम्हाला ओळखलं, दादाचा हात धरला, आणि तिच्या तोंडून पहिला शब्द निघाला, "खिडकी." दादानं धावत जाऊन खिडकी उघडली. ती म्हणाली, "खिडकी." त्यानं बंद केली. ती रडायला लागली. तिला पाणी हवं होतं. त्या दिवसापासून तिच्याजवळ हा एकच शब्द उरला. पाणी म्हणजे खिडकी, उशी म्हणजे खिडकी, दादा म्हणजेही खिडकी. समजत तिला सगळं होतं. डोळ्यांना दिसत होतं. नाव तेवढं येत नव्हतं. आपण चुकीचा शब्द बोललो हे तिला बोलल्यावर ऐकू यायचं, आणि मग ती जी तडफडायची… देवा, मी आंधळा आहे, मी जे ऐकलं ते डोळे असलेल्यानं पाहिलं असतं तर वेडा झाला असता. दादा पाहतच होता. तो दुकानात जाऊन नुसता बसायचा. हंडे पुसायचा, म्हणतात, पुसलेलेच पुन्हा पुसायचा.

तिला घरी आणलं. सकाळी एक बाई सगळं करून जायची, दुपारी मी रजा टाकून घरी असायचो. जिला दिसतं पण सांगता येत नाही ती, आणि ज्याला सांगितल्याशिवाय कळत नाही तो, असे आम्ही दोघं त्या घरात बंद. ती बोटानं दाखवत असणार. हवेत हात हलल्याचं, बांगडी सरकल्याचं मला ऐकू यायचं, पण बोट कुठे आहे ते कसं कळणार? एका दुपारी ती ओरडायला लागली, "खिडकी! खिडकी!" मी पाणी नेलं, तिनं ढकललं. गोळी नेली, ढकलली. उशी, पांघरूण, पंखा, देवाचा अंगारा, मला सुचेल ते सगळं मी हातात घेऊन तिच्यापुढे धरत होतो आणि ती प्रत्येक वेळी तोच शब्द जास्त जास्त मोठ्यानं म्हणत होती. शेवटी मीच ओरडलो, "वहिनी, नाई समजून राह्यलं मले! मी काय करू? मले दिसत नाई हो!" ती एकदम थांबली. मग तिनं जे इतक्या वर्षांत कधी केलं नव्हतं ते केलं. आमच्याकडे वहिनी-दिरांत एक अंतर असतं. गिरडच्या चढावरही ती मला काठीच्या टोकाला धरून नेत होती. त्या दुपारी तिनं माझं मनगट घट्ट पकडलं, पलंगावरून उतरली, पाय ओढत, भिंतीला आपटत मला टेबलापाशी नेलं आणि माझी बोटं कीबोर्डवर ठेवली.

मी ते संकेतस्थळ उघडलं. यंत्र वाचायला लागलं. 'केळझरच्या टेकडीवरून दिसणारं गाव…' ती माझ्या शेजारी उभी होती, तिचा श्वास माझ्या कानाशी होता. दुसऱ्यांदा लावलं. तिसऱ्यांदा लावल्यावर यंत्राबरोबर आणखी एक आवाज आला. खरखरीत, तुटका. "…लाल…" ती म्हणाली. खिडकी नव्हे. लाल.

डॉक्टरांना फोन केला तर ते म्हणाले, असं होतं कधी कधी. एकट्यानं न निघणारा शब्द दुसऱ्याच्या सोबतीनं निघतो. मग रोज दुपारी आमची शाळा भरायची. मी यंत्राचा वेग अगदी कमी करायचो. ते बोलायचं आणि वहिनी स्वतःच लिहिलेल्या शब्दांच्या मागे मागे धावायची. 'कौलं.' 'गाडी.' 'जांभई' तिला कधीच जमलं नाही, पण त्या शब्दापाशी ती खरोखर जांभई द्यायची, आवाज करून, मला ऐकू यावं म्हणून. 'ळ' मात्र ती यंत्रापेक्षा चांगला म्हणायची. एका संध्याकाळी दादा दुकानातून आला तेव्हा तिनं यंत्राच्या सोबतीनं त्याला सबंध 'केळझर' म्हणून दाखवलं. दादा दारातच खाली बसला. त्या रात्री आम्ही तिघं मिळून जेवलो. मला खरंच वाटलं होतं… आम्हा सगळ्यांनाच वाटलं होतं.

पण गाठ पुन्हा वाढत होती. आधी 'कौलं' गेलं. मग 'गाडी'. जसे आले होते तसे शब्द एकेक करून परत निघाले. यंत्र बोलायचं आणि शेजारी नुसता श्वास. मी वाट पाहायचो. पुन्हा लावायचो. पुन्हा. मी हट्टाला पेटलो होतो, जणू मी थांबलो तर ती जाईल. एका दुपारी तिनं माझा हात कीबोर्डवरून हळूच बाजूला केला. पुरे. तेवढं मला न बघता समजलं. पुढे झटके यायला लागले, तेव्हा दादा तिला दवाखान्यात घेऊन गेला. मला म्हणाला, "तू ड्युटीवर जाय, मी फोन करतो." तोच तो फोन.

दिवस झाले, पाहुणे गेले. मला तिचं काहीतरी ऐकायचं होतं, म्हणून मी ते संकेतस्थळ उघडलं. यंत्र म्हणालं, 'आय एम जी शून्य शून्य…' पुढे गेलो. 'आय एम जी…' पुढे. 'बॅनर नवीन अंतिम दोन'. मला वाटलं पान चुकलं. पान तेच होतं. केळझर नाही, जांभई नाही, वाळूतली सायकल नाही. फाइलींची नावं, नुसती फाइलींची नावं. मी दादाला दुकानातून बोलावून घेतलं आणि आम्ही तसेच धीरजभाऊंच्या ऑफिसात गेलो. ते माझ्यासमोर येऊन उभे राहिले. मग म्हणाले, "अनिलभाऊ, नवीन डिझाइन टाकलं… वरचा साज सगळा बदलला, त्यात मागचं उडालं. दिसत नाई न ते, म्हणून कोनाच्या ध्यानात नाई आलं. जुनं ठेवलंच नाई कोनी." ते रडत होते. त्यांच्यावर राग काढायला माझ्यात बळ नव्हतं. मी म्हणालो, "मले येते जेवढं, तेवढं लिहून घेता का?" त्यांनी खुर्ची ओढली. एकेक फोटो ते मला तोंडी सांगायचे, आणि मी वहिनीचं वाक्य सांगायचो. काही आठवली. बरीच नाही आठवली. पुष्कळसे फोटोही बदलले होते, नव्यांबद्दल तिनं काही लिहिलेलंच नव्हतं. तिथे मी काय सांगणार होतो…

शेवटी धीरजभाऊ अडखळले. "पहिल्या पानावर वहिनीचा फोटो हाय. श्रद्धांजली म्हणून टाकला. त्याच्या मागंबी काई नाई." ते स्वतःच टंकू लागले आणि म्हणाले, "सौ. वंदनाताई यांचे छायाचित्र, एवढं बस्स ना?" दादा म्हणाला, "नाई. थे असं नसती लिहित." मी म्हणालो, "दादा, तुले दिसून राह्यलं न. तू सांग." तो म्हणाला, "मले नाई जमत रे. बाई हाय… साडी हाय…" त्याचा आवाज फाटला. "निळी हाय साडी. हासून राह्यली. तोंड उघडं हाय हासताना. समोरचा एक दात वाकडा हाय तिचा, दुसऱ्यावर चढलेला… तुले मालूम होतं काय?" मी म्हणालो, "नाई." इतकी वर्षं एका घरात राहून, त्या दातामागून निघालेला एकेक शब्द ऐकून, मला हे ठाऊक नव्हतं. मी म्हणालो, "तेच लिहा, धीरजभाऊ."

आता दादा रोज दिवेलागणीला दुकान बंद करून येतो, हातपाय धुतो आणि माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसतो. "लाव न रे," म्हणतो. यंत्र आपल्या हिंदी हेलात वाचतं, 'निळ्या साडीतली वंदना. तोंड उघडून हसते आहे, समोरचा एक दात वाकडा.' फोटो त्याच्या समोर असतो, त्याला दिसत असतो, तरी त्याला ते ऐकायचं असतं. ऐकून झालं की तो थोडा वेळ बसतो आणि म्हणतो, "आणखी एक शब्द पायजे तिथिसा. काईतरी राहून राह्यलं." मी बोटं कीबोर्डवर ठेवून विचारतो, "कोणता?"

तो सांगायला तोंड उघडतो. मला त्याचा श्वास ऐकू येतो. शब्द येत नाही.